नट किती आवळावा?

मोटारसायकलचा बेंड पाईप इंजिनाला जिथे मिळतो, तिथे कधी वाकून पाहिलेत का? शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांत तिथे बहुधा दोन स्टड आणि दोन नट, एवढाच संसार असतो. आज बोलायचे आहे ते या दोन नटांविषयी.

नट म्हटला की आपले एकच सूत्र: जितका घट्ट तितका बरा. मीही याच मताचा होतो. एकदा पावसाळ्याच्या तोंडी नवी पॅकिंग घातली, पान्याच्या दांडीवर हातभर पाईप चढवला आणि लावला जोर. 'कट्' झाले आणि नट एकदम हलका फिरला. वाटले, बसला! बसला कसला? स्टड तुटून निम्मा हेडातच राहिला होता. पॅकिंग थोडक्या पैशांची. पण तो तुकडा ड्रिलने पोखरून काढायला आणि नवे आटे पाडायला हेड उतरवावे लागले. चार दिवस गाडी बंद आणि मी बसच्या रांगेत!

चूक कुठे झाली? पिळण्याच्या जोराला माप असते. त्याला टॉर्क म्हणतात आणि ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तकांत जे सर्वसाधारण कोष्टक असते, त्यात ६ मिलिमीटरच्या नटाला १० आणि ८ मिलिमीटरच्याला २२ न्यूटन-मीटर असे आकडे दिलेले आहेत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात पाहावा. आता १० न्यूटन-मीटर म्हणजे किती? १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे सात किलोंची ओढ. भरलेल्या घागरीएवढेही वजन नाही हो! आणि धडधाकट माणूस सहज वीस किलोंनी ओढतो. त्यात पाईप लावून दांडी तिप्पट केली, तर ६ मिलिमीटरचा स्टड टिकावा कसा?

आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच जोड धरून ठेवतो. पण आपल्या जोरापैकी बहुतेक घर्षणातच खर्ची पडतो. ताणाला उरतात ढोबळमानाने शंभरातले दहा. म्हणून आटे गंजले असतील तर पाना 'पुरे' म्हणतो आणि जोड मात्र सैल असतो. उलट, आट्यांना तेल लावले तर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. तेव्हा आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, आणि पुस्तकात सांगितले नसेल तर कोरडेच ठेवावेत.

हेड ॲल्युमिनियमचे, स्टड पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. वर आपल्याकडचा पाऊस: डबक्यातले पाणी तापल्या पाईपवर उडते आणि गंज लवकर धरतो.

सैल ठेवूनही चालत नाही. जोडाभोवती काजळी दिसते, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटफटतो. एप्रिल २०२० पासूनच्या भारत-स्टेज सहाच्या गाड्यांत धुराच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. जोडातून बाहेरची हवा शिरली की तो फसतो, आणि इंजिनाला नको तेवढे पेट्रोल मिळू लागते.

तेव्हा काम असे करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पॅकिंग नवीच घ्या. जुनी एकदा चेपलेली असते. सगळे नट-बोल्ट आधी बोटांनीच लावा. मग हेडाकडचे दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा, नाहीतर पट्टी तिरपी बसते. मागचा ब्रॅकेटचा बोल्ट अगदी शेवटी. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने करा. ठरवलेल्या मापाला तो 'खट्' वाजतो. वाजला की हात काढायचा. खात्रीसाठी म्हणून आणखी एक हिसका द्यायचा नाही. एक फेरी मारून आणा, गाडी निवू द्या, आणि त्याच मापाने पुन्हा तपासा.

हा पाना नट सोडवायला मात्र वापरू नका. आणि काम झाले की त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवा. आतली स्प्रिंग दाबलेली राहिली, तर त्याचेच माप चुकू लागते.