कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उमेदवारी

बाजारात प्रत्येक काम मोल देऊन करून घेता येत असताना उद्योजक पगारी माणसे का ठेवतो, हा प्रश्न रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये उपस्थित केला. योग्य माणूस शोधणे, दर ठरवणे, करार करणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे यांनाही खर्च येतो, ज्याला पुढे ‘व्यवहारखर्च’ हे नाव मिळाले; या खर्चाच्या मानाने तेच काम पदरच्या माणसांकडून करून घेणे जोवर स्वस्त पडते तोवर उद्योगसंस्था वाढत जाते, असे त्याचे उत्तर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा आजूबाजूला आयते असे काहीच नसल्यामुळे लोखंडी नांगर घडवता घडवता त्यांना किर्लोस्करवाडी हे गाव वसवावे लागले आणि कारागीरही घडवावे लागले.

हा हिशेब आता उलटा फिरू लागला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून जाहिरातीचा मजकूर, कराराचा कच्चा मसुदा किंवा संगणकाची आज्ञावली यांसाठी माणूस नेमलाच पाहिजे, असे राहिलेले नाही. इंग्रजी पत्रव्यवहाराच्या धास्तीने परगावचे गिऱ्हाईक सोडून देणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या लघुउद्योजकाला तर हे मोठेच बळ आहे, आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे.

संस्थांच्या आत काय घडते, याचा एक महत्त्वाचा पुरावा ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या तीन अभ्यासकांनी २०२३ मध्ये मांडला. पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यामुळे सरासरी १४ टक्के वाढ झाली, परंतु नवख्यांच्या कामात ती ३४ टक्के होती आणि मुरलेल्यांच्या कामात जवळजवळ नव्हतीच, कारण निष्णात कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून यंत्राने टिपलेली हातोटीच नवख्यांना आयती मिळत होती. येथे एक अडचण उभी राहते. नवखा लवकर तयार होतो हे खरे; पण नवख्याचे कामच यंत्र करू लागले, तर त्याला नेमावे कशासाठी?

सनदी लेखापालाच्या कार्यालयातील आर्टिकलशिप, म्हणजे परीक्षेच्या जोडीने करावी लागणारी सक्तीची उमेदवारी, पाहिली की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. उमेदवार व्हाउचरांचा गठ्ठा समोर घेऊन एकेक रक्कम वहीशी ताडतो, रंगीत पेन्सिलीने खूण करतो, आणि चारशेव्या कागदावर त्याच्या ध्यानात येते की डिझेलचे बिल ज्या तारखेचे आहे त्या दिवशी कारखाना बंद होता. ताळा करण्याचे हे काम यंत्र क्षणात करते आणि बहुधा अधिक अचूक करते. मात्र त्या कंटाळवाण्या कागदांवरून नजर फिरवताना जी शंकेखोर दृष्टी तयार होते, ती ताळेबंदावर सही करणाऱ्याला अखेरपर्यंत लागते, कारण सहीची जबाबदारी यंत्राकडे जात नाही.

उमेदवारीचा खर्च आजवर कोणी वेगळा मांडलाच नाही, कारण उमेदवाराच्या किरकोळ कामातून तो परस्पर भरून निघत असे. ते किरकोळ काम संपल्यावर हा खर्च उघडा पडणार आहे, आणि तो संस्थेने जाणीवपूर्वक उचलावा लागेल: यंत्राने तपासलेल्या फायलींपैकी काही फायली उमेदवाराने आधी स्वतः तपासाव्यात, मग दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून ज्येष्ठाने त्याच्यासोबत तासभर बसावे, आणि तो तास गिऱ्हाइकाच्या बिलात न धरता कार्यालयाच्या खर्चात धरावा.