पावसाच्या गावातली तहान

त्र्यंबकेश्वरला पाण्याची चणचण आहे असं ऑगस्टमध्ये कुणी म्हटलं, तर गावकरी त्याला वेड्यात काढतील. वर्षाचा पाऊस २००० मिलिमीटरच्या घरात, आणि श्रावणातल्या ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत कोरडा भाविक शोधून सापडत नाही. पण हाच डोंगर मार्चमध्ये पाहावा. काळ्या बेसाल्टवर माती जेमतेम, त्यामुळं चार महिन्यांचं पाणी उतारावरून कधीच वाहून गेलेलं असतं. पुढचे आठ महिने इथल्या झुडपांना वाळवंटाचेच.

श्रोतेहो, उघड्या खडकावरचा निवडुंग घ्या. फड्या नव्हे, तो अमेरिकेहून आलेला. हा आपला, काटेरी कांडांचा, मोडला की पांढरा चीक गाळणारा. पावसाळ्यात त्याला पानं फुटतात. कोरडे दिवस लागले की तो ती टाकून देतो आणि हिरव्या, मांसल खोडातच अन्न तयार करतो.

खरी करामत रात्रीची. हवा आत घ्यायची तर रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाण्याची वाफ निसटते. बहुतेक झाडं हा व्यवहार दिवसाउजेडी करतात. निवडुंग हवा गार झाल्यावर करतो: रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून उन्हाच्या बळावर त्याची साखर करायची. या आम्लाची चव भारतात एकानं चक्क जिभेवर घेतली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या बेंजामिन हायने यांना पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागलं; लंडनच्या लिनियन सोसायटीनं त्यांचं पत्र १८१५ साली छापलं. उलगडा व्हायला पुढं शतकाहून अधिक काळ गेला.

करवंदीची रीत साधी. जाड, तुकतुकीत पानं आणि खडकाच्या भेगांत शिरलेली मुळं. एवढ्या भांडवलावर ती ऐन मे महिन्यात डोंगराची काळी मैना बाजारात पाठवते.

शेजारच्या अंजनेरीवर तर एक वनस्पती उन्हाळ्यात दिसतच नाही. २००६ साली शास्त्रीय नोंद झालेलं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्प पावसाळ्यात फुलतं, मग वरचा भाग वाळतो आणि मातीखाली कंद तेवढा उरतो. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तरी डोंगरावर कुठलंही काम काढण्याआधीची पाहणी फेब्रुवारीत उरकली, तर या कंदीलपुष्पाचं नाव यादीत यायचंच नाही.