आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन

आज बेंगळुरूहून तुमच्याशी बोलतोय. विषय आहे ऑनलाइन जुनी गाडी घेऊन ती घरी दुरुस्त करण्याचा. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मला हवी होती फिएट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. १९७४ पासून हिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

एका रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. गाडी चकाचक, किंमत निम्मी. फोन केला तर पलीकडून, "जय हिंद सर! बदली झालीय, गाडी लगेच काढायचीय." पाठोपाठ गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड. "गाडी आर्मीच्या ट्रकने घरपोच येईल, फक्त भाडं आधी पाठवा." मी २०,००० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी आणखी मागितले, तेव्हा डोळे उघडले.

फौज कुणाची विकलेली गाडी घरपोच करत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण 'जय हिंद' ऐकलं आणि मी चौकशीच केली नाही. त्याहून मोठी चूक पुढची. निवृत्त अधिकारी फसला हे सांगायची लाज वाटली, म्हणून दोन दिवस घरातही बोललो नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात अडवता येतात. मी केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

दुसरी गाडी सांगलीत मिळाली, १९७२ सालची. या वेळी पैसे खिशात ठेवून स्वतः गेलो. तिथे ठरवलेला क्रम तुम्हालाही सांगतो.

आधी कागद. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंक न् अंक जुळवा. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद कधीकधी 'वाहन' या सरकारी संगणक यादीत चढलेलीच नसते. ती मालकाकडूनच चढवून घ्या. राज्य बदलत असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. शिवाय नव्या राज्याचा रोड टॅक्स भरावा लागतो, तो धरूनच भाव करा.

मग पत्रा. खिशात लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. दाराच्या खालची कड आणि पायाखालची मॅट उचलून गंज बघा.

इंजिन शेवटी, कारण ते उघडून बांधता येतं. वर्षानुवर्षं बंद गाडीला लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, मुरू द्या आणि इंजिन हाताने फिरवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. ब्रेकचे रबरी पाइप आणि वायसर कुजलेले असणारच, ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. म्हणूनच मी माझी गाडी ट्रकवर घालून आणली, चालवत नाही. सुटे भाग इथे जे. सी. रोड आणि शिवाजीनगरला शोधतोय, काही मुंबईहून मागवतोय.

एक नियमही ध्यानात ठेवा. २०२१ पासून ५० वर्षांवरील मूळ रूपातल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी बाहेर काढता येते. नातवंडांना रोज शाळेत सोडायचं असेल, तर हा नंबर घेऊ नका.

माझी फिएट अजून विटांवर उभी आहे. पत्र्याचं काम संपलं, वायरिंग बाकी आहे. गेल्या महिन्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा इमारतीतली निम्मी मंडळी खाली आली होती.

तुम्हीही जरूर घ्या. फक्त गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, समोरचा कितीही कडक सॅल्यूट ठोको. आणि फसलातच, तर लाजू नका. त्याच तासाला १९३० लावा.

जय हिंद.