रोमचा दूरचा सुभा



रोमपासून ब्रिटनचे बेट रस्त्याने हजार मैलांहून दूर. वाटेत आल्प्स पर्वत, त्यापुढे समुद्र. इ. स. ४३ मध्ये क्लॉडियस बादशहाच्या फौजा तेथे उतरल्या आणि पुढे साडेतीन शतकांहून अधिक काळ तो प्रांत रोमच्या ताब्यात राहिला. एवढा दूरचा मुलूख केवळ तलवारीच्या धाकाने राखता येत नाही. मग तो राखला कसा, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पहिली युक्ती अधिकारविभागणीची. फौज आणि न्यायनिवाडा प्रांताधिपतीकडे. कर, शिपायांचा पगार आणि बादशाही मालमत्ता प्रोक्युरेटरकडे, म्हणजे आपण त्याला दिवाण म्हणू. हा दिवाण प्रांताधिपतीचा ताबेदार नव्हे. त्याला बादशहा नेमी आणि तो थेट बादशहालाच पत्र लिही. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, हा त्यातला हेतू. दुसरी युक्ती, जुन्या राजांना व सरदारांना हाताशी धरण्याची. त्यांचा मान राखायचा, पैसा पुरवायचा आणि त्यांच्याकरवी रयत ताब्यात ठेवायची.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. परंतु दोन्ही अधिकारी एकाच वेळी बेफाम झाले तर काय होते, ते इ. स. ६० च्या सुमारास दिसले. इसेनी जमातीचा राजा प्रासुटागस वारला. आपल्या दोन मुलींबरोबर बादशहालाही त्याने वारस नेमले होते. घराणे वाचेल ही त्याची आशा. पण रोमन अंमलदारांनी सारे राज्यच लुटले, त्याची राणी बूडिका हिला फटके मारले आणि मुलींवर अत्याचार केले. तिकडे कामुलोडुनम येथे निवृत्त शिपायांनी शेजारच्या रयतेला जमिनींवरून हुसकले होते. दिवाण कॅटस डेसियानस याने तर क्लॉडियसने सरदारांना दिलेली रक्कमही परत मागितली, असे इतिहासकार डिओ सांगतो. मग बंड पेटले. कामुलोडुनम, लंडन व वेरुलामियम ही तिन्ही शहरे जळाली. लंडनच्या जमिनीखाली त्या आगीचा थर आजही सापडतो. दिवाणसाहेब समुद्र ओलांडून गॉलमध्ये पळाले.

प्रांताधिपती सुएटोनियस पॉलिनस याने बंड मोडले आणि नंतर सूड उगवण्यास आरंभ केला. शेते पेरली गेली नव्हती. लोक उपाशी मरू लागले. अशा वेळी नवा दिवाण आला, ज्युलियस क्लासिसियानस. त्याची पत्नी गॉलमधील एका सरदाराची कन्या. म्हणजे जिंकलेल्यांचे जिणे त्याच्या घरात ठाऊक होते. त्याने रोमला कळविले की, हा प्रांताधिपती बदलल्यावाचून लढाई थांबणार नाही. नीरोने चौकशीस माणूस धाडला आणि काही काळाने पॉलिनसला परत बोलावले. टॅसिटस म्हणतो, दिवाणाने हे व्यक्तिगत वैरापोटी केले. असेल. मेलेली रयत कर देत नाही, हा हिशेबही त्यात असेल. परंतु त्या पत्रानंतर सूड थांबला, ही गोष्ट उरतेच. पत्नीने उभारलेल्या त्याच्या स्मारकाचे दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

बूडिकेचेही स्मारक लंडनमध्ये आहे. वेस्टमिन्स्टर पुलाशेजारी तिचा पुतळा १९०२ साली उभा राहिला. साम्राज्याविरुद्ध उठलेल्या राणीचा हा गौरव झाला, तेव्हा हिंदुस्थानावर त्याच लंडनचे राज्य होते, हे आपण विसरू नये.

यातून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे. दोन अधिकाऱ्यांच्या भांडणातून का होईना, खरी हकीकत वर पोहोचण्याची एक वाट रोमने ठेवली होती. हे त्याचे शहाणपण. पण ती वाट अधिकाऱ्याची होती, रयतेची नव्हे. डेसियानस दिवाण असताना इसेनींचे गाऱ्हाणे कोणी लिहिले नाही. क्लासिसियानस आला, हा योगायोग. भला अंमलदार मिळाला तर न्याय, नाही तर नाही, अशा राज्याला सुराज्य म्हणता येत नाही. म्हणून कारभार पारखताना अंमलदार कसा आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो वाईट निघाला तर गांजलेल्या माणसाने कोठे जावयाचे, हेही पाहिले पाहिजे.