नाक-कानाची सी.टी. तपासणी : यंत्र दवाखान्यात आले, पण केव्हा वापरावे?



सावित्रीकाठचे सव हे गाव महाड परिसरात गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित आहे. त्वचाविकार जावा म्हणून तेथे स्नान करण्याची परंपरा जुनी. सर्दीत वाफेने बरे वाटते, हेही घरोघरी ठाऊक आहे. मात्र कान वाहत असल्यास त्यात पाणी जाऊ देऊ नये आणि कोमट तेल तर मुळीच घालू नये; पडद्याला छिद्र असेल तर अपाय होतो. दुखणे महिनोन्महिने रेंगाळले, की आत काय आहे ते पाहण्याची वेळ येते.

चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; त्यांनाच सायनस म्हणतात. साध्या क्ष-किरण चित्रात त्या एकमेकींवर पडून दिसतात. सी.टी.मुळे त्यांचे थरागणिक दर्शन घडते. अशा यंत्राने रुग्णाची पहिली तपासणी इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. यंत्राचे जनक हौन्सफिल्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले.

ते यंत्र मोठ्या दालनाचे. आता शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारे लहान यंत्र तज्ज्ञाच्या दवाखान्यातही बसू शकते. रुग्ण बहुधा खुर्चीवर स्थिर बसतो, यंत्र डोक्याभोवती फिरते आणि मिनिटाच्या आत काम आटोपते. नाकाचा वाकडा पडदा, सायनसची बुजलेली वाट, कानामागील हाडाची झीज यांत स्पष्ट दिसते. किरणांची मात्रा सामान्यतः कमी असली, तरी ती शून्य नव्हे. मऊ ऊतींचा भेद मात्र या यंत्राला नीट कळत नाही. गाठीची शंका असल्यास मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. अशा यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आवश्यक असतो.

सवच्या रुग्णाला मुंबई-पुण्याची दुसरी खेप वाचली तर ते थोडे नव्हे. तथापि यंत्र जवळ असणे आणि तपासणी आवश्यक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दहा दिवसांत ओसरणाऱ्या साध्या सर्दीला सी.टी. नको. बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदणे, घट्ट स्राव, वास न येणे, औषधाने उतार न पडणे, किंवा शस्त्रक्रियेची पूर्वतयारी असेल तर ती उपयोगी. डोळ्याभोवती सूज, दृष्टी अंधुक होणे, कानामागे फुगवटा, तापासह मान ताठणे, अशा वेळी मात्र दवाखाना शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

सल्ला देणारा आणि शुल्क घेणारा एकच असला, म्हणजे प्रश्न नाजूक होतो. विंचूदंशावरील संशोधनाने ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून रुग्ण पाठविल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला होता. त्यांनी तो मुकाट्याने न स्वीकारता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. जेथे असा वैद्य राहतो, तेथील रुग्णाने ‘या चित्राने उपचारात काय बदलेल?’ असे विचारण्यास संकोचू नये. प्रामाणिक डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

गर्भवती स्त्रीने तपासणीपूर्वी तसे अवश्य सांगावे. लहान मुलांच्या बाबतीत निकड दोनदा तपासावी. चित्रांची तबकडी व लेखी अहवाल मागून घेऊन घरी जपावा. पावसाळ्यात वरंध घाट बंद असताना दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.