कैवाराचे शब्द

ख्रिस्ती जीवनात एकमेकांना मनापासून दिल्या जाणाऱ्या उत्तेजनाचा विचार अवसरी बुद्रुक येथील या संमेलनात मांडताना प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. कारण मराठी ख्रिस्ती वाचकाच्या नित्य वाचनात तो निरनिराळ्या रूपांनी येतो आणि ही सारी रूपे मुळात एकाच घरची आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील ‘पाराक्लेसिस’ या शब्दाचा धात्वर्थ हाक मारून जवळ बोलावणे असा आहे. मराठी बायबलात तो प्रसंगानुसार बोध किंवा सांत्वन होऊन येतो, आणि त्याच धातूपासून झालेला, योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी योजलेला ‘पाराक्लेतोस’ हा शब्द मराठीत ‘कैवारी’ होतो. भाषांतरकारांनी केलेली ही निवड फार मोलाची आहे. कैवार घेणारा माणूस दुरून शाबासकी देत नाही. तो दुसऱ्याच्या बाजूला येऊन उभा राहतो आणि त्या बाजूचे जे बरेवाईट होईल त्याचा वाटेकरी होतो. स्तुती करणाऱ्याला मात्र पदरचे काहीच मोडावे लागत नाही.

प्रेषितांनी ज्याला बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, हे नाव दिले तो कुप्र बेटावरचा लेवी वंशातील माणूस या भेदाची साक्ष देतो. छळ करणारा म्हणून ज्याची दहशत होती तो शौल यरुशलेमेत आला, तेव्हा शिष्यांपैकी कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीना. बर्णबाने त्याला प्रेषितांपुढे नेले आणि स्वतःची पत पणाला लावून त्याची बाजू मांडली. पुढे सुवार्तेच्या प्रवासात अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मार्क या सोबत्याला पुन्हा सोबत घ्यावे की नाही, यावरून त्याच शौलाशी, आता पौल झालेल्या सहकाऱ्याशी, त्याचा तीव्र वाद झाला, तेव्हाही तो मार्काला घेऊन कुप्रकडे निघाला. कालांतराने पौलालाही मार्क उपयोगी वाटू लागला, ही गोष्ट पौलाच्या नावाने असलेल्या पत्रातच नमूद आहे.

मराठी भूमीवर याचे सर्वांत जिवंत उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घराचे आहे. 1893 साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांशी संस्कृत काव्याविषयी आदराने संभाषण केले आणि त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ज्याचा धर्म निराळा त्याच्या विद्येचा मान राखून उच्चारलेला शब्द किती खोल जातो, हे त्या प्रवासाने दाखविले. स्वतः टिळकही आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानीत, आणि ज्यांना तुकोबांचे गुरू मानले जाते त्या बाबाजी चैतन्यांची समाधी याच परिसरात, जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे आहे, याचे स्मरण या भूमीत जमलेल्या ख्रिस्ती लेखकांना व्हावे हे उचितच होय.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या स्त्रीला टिळकांनी अक्षरओळख करून दिली, कविता करण्यास प्रवृत्त केले. पुढे मुलगा देवदत्त याने वडिलांच्या आठवणी लिहून ठेवण्याचा आईकडे आग्रह धरला आणि त्यातून 1934 पासून भागाभागाने ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. या ग्रंथात टिळकांचा तापटपणा आणि संसारातील त्यांची बेफिकिरी जराही झाकलेली नाही, तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. दोष न लपवता माणसाचा कैवार घेता येतो, याचा याहून भक्कम पुरावा मराठीत शोधावा लागेल. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूने, 1919 साली, अपुरे राहिले, आणि पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्णत्वास नेले. ज्या हाताला एकाने पेन दिले त्या हाताने त्याचेच काम तडीस नेले.

याच दांपत्याच्या नगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळालेला तरुण, काही काळ घरच्यासारखा राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही. उत्तेजनाच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवणे हा व्यवहार होय, आणि व्यवहारातला शब्द मनःपूर्वक राहत नाही. प्रस्तुत अध्यक्षांना ही बाब इतर सर्व बाबींहून महत्त्वाची वाटते.

शब्द मनापासूनचा असला तरी तो ऐकणाऱ्याला कळला पाहिजे. याच पुणे जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे जे भाषांतर केले ते साध्यासुध्या बायकांना समजावे या हेतूने सोप्या मराठीत केले, आणि त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातील स्त्रियाच छापखान्यात राबल्या. रमाबाईंच्या मृत्यूनंतर, 1924 साली, ते संपूर्ण ग्रंथरूपाने बाहेर आले. आजच्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक उपासक समाजांत, शोकसभेला किंवा साक्षीच्या वेळी वापरली जाणारी भाषा पुष्कळदा ठरीव साच्याची झाली आहे. दुःखात असलेल्या घराला तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकवले जाते आणि ऐकवणाऱ्याला त्याची जाणीवही नसते, ही स्थिती मनाला लागते.

म्हणून या संमेलनापुढे एकच सूचना ठेवली जात आहे. आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील मंडळ्यांमध्ये जी तरुण मुले-मुली भजने रचतात, साक्षी लिहितात किंवा उपासनेसाठी नाटुकली बसवतात, त्यांचे लिखाण येथील ज्येष्ठ लेखकांनी मागवून घ्यावे, ते दोनदा वाचावे आणि कोणती ओळ टिकली, कोणती ढासळली, हे सांगणारे पत्र आपल्या हाताने लिहून प्रत्येकाला वेगळे पाठवावे. पत्राच्या शेवटी पुढील लिखाण केव्हा येईल याची विचारणाही असावी, आणि ते येईपर्यंत वाट पाहण्याची तयारीही.