दोन नायगावे



या विक्षिप्त शहरात आपण का राहतो, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. मी काही विद्वान नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि येथल्याच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रे वाचून झाले. तेव्हा रोजच्या पाहण्यातलेच चार शब्द सांगतो.

या शहराचा तऱ्हेवाईकपणा आमच्या नावापासून सुरू होतो. आमच्या नायगावला रेल्वेचे स्टेशन नाही. आणि नायगाव नावाचे जे स्टेशन आहे ते भाईंदरची खाडी ओलांडून वसई तालुक्यात! गावाकडचा पाहुणा नेमका तेथे उतरतो आणि फोन करतो, "नायगावात उभा आहे, तुमची चाळ कुठे दिसत नाही." आम्ही उतरतो दादरला. त्या दादरलाही डिसेंबर २०२३ पर्यंत एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. त्यांत कधीच न चुकलेला माणूस विरळाच.

मग अशा शहराची ओढ का वाटते? येथे कोणी जात विचारीत नाही असे म्हणतात. ते खरे नाही. घर भाड्याने घेताना विचारतात. पण लोकलमध्ये चौथ्या माणसाला जागा देण्यासाठी सरकताना विचारीत नाहीत. ही ओढ अशा सरकून घेण्याची आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वडिलांचा पगार थांबला. वाण्याने उधारीची वही मिटली नाही. शेजारच्या काकूंनी आम्हा भावंडांना आपल्या मुलांच्या पंगतीत बसविले, आणि संप त्यांच्याही घरी होताच. माणसे देवमाणसे होती म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर अशा वीस खोल्या आणि मधून एकच बोळ. शेजारची चूल पेटली नाही, तर ते कळल्यावाचून राहतच नाही. कळल्यावर स्वस्थ बसणे अवघड होते, इतकेच.

म्हणून मी चाळीचे फाजील कौतुक करणार नाही. ते कौतुक चाळ सोडून गेलेले लोकच अधिक करतात. नळावरची भांडणे आणि संडासापुढची रांग ज्याने सोसली, त्याला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, तो त्याचा हक्कच आहे. माझी चिंता वेगळी आहे.

आमच्या संघटनेत एक सफाई कामगार भगिनी आहे. तिचे वडील गिरणीत साच्यावर उभे राहत. संपानंतर त्यांनी येथली खोली सोडली. त्या गिरणीच्या जागेवर आज कचेऱ्यांची उंच इमारत आहे आणि तिच्यातली फरशी ही मुलगी कंत्राटदाराकडून पुसते. राहते कोठे? त्या दुसऱ्या नायगावात. पहाटेची लोकल धरून ती बापाच्या नायगावाजवळ येते. मी विचारले, "तिकडेच काम का पाहत नाहीस?" ती म्हणाली, "भाऊ, काम इथं, माणसं इथं. झोपायला तेवढी तिकडं जाते."

बंधुभगिनींनो, या शहराची सारी गंमत माणसे जवळजवळ राहिल्यामुळे निर्माण झाली. कामगार कामाच्या पायी अंतरावर राहत होता, म्हणून येथे खानावळी चालल्या, रात्रशाळा भरल्या, नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या. ज्याचे रोजचे तीन-चार तास गाडीतच जातात, तो तालमीला केव्हा येणार आणि युनियनच्या सभेला केव्हा? शहर चालविणारा माणूस खाडीपलीकडे गेला, तर येथे इमारती राहतील. शेजार राहणार नाही.

तेव्हा एकच विनंती. आज घरी जाताना आपल्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, "बाबा रे, तू येतोस कोठून?" आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या किंवा मंडळाच्या बैठकीत नवे नकाशे मांडले जातील, तेव्हा त्यांत त्याची खोली कोठे आहे, हेही विचारा.